किटलीचं झाकण

तांबा, १० डिसेंबर

ताईस,

फुमिएचा नमस्कार. तुझं पत्र मिळालं. सलगमाच्या लोणच्याची बरणीही न फुटता पोचली.

इकडे थंडीने चांगलंच ठाण मांडलंय. सकाळी दुकान उघडून दारावर पडदा लावायची वेळ झाली तरी धुकं दरीतून हलत नाही. मागच्या ओसरीवर सोलून वाळायला टांगलेली पर्सिमनची फळं निम्मी माकडांनी पळवली. शेजारच्या योनेदा आजी ठणठणीत आहेत आणि अजून सगळ्या गल्लीला नावं ठेवतात. यंदा चेस्टनट मोठे आले, किडके कमी निघाले. महिनाभर थंड खोलीत मुरवल्यावर असे गोड झालेत की विचारू नकोस. रांग देवळाच्या पायऱ्यांपर्यंत जाते. दुकान कसं चाललंय हे तू विचारलं नाहीस, म्हणून आधी तेच सांगितलं.

तुला विचारायचं होतं ते वेगळंच. नववर्षाचे डबे कधी पाठवणार, आणि तोमोकीच्या दत्तकविधीची तारीख ठरली का. आणि या दोन प्रश्नांच्या मध्ये तू एक वाक्य सरकवलंयस. “त्या दिवशी माझ्याकडून नकळत जे झालं, त्याने भावोजींच्या मनावरचं ओझं उतरलंच असेल, तेव्हा एका परीने बरंच झालं.”

ताई, मी भांडी घासताना हे वाक्य म्हणते, चेस्टनटना चिरा पाडताना म्हणते, अंथरूण घालताना म्हणते. नकळत. तो एक शब्द नसता तर मी लोणच्याबद्दल आभार मानून पत्र आटोपतं घेतलं असतं. तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिते. तू विसरली असशील तर आठवेल, नसशील तर नकळत हा शब्द पुन्हा लिहिताना हात अडेल.

सप्टेंबरात आपण दोघी आईच्या थडग्यावर गेलो होतो. तू ब्रशने दगड घासत होतीस, मी वरून पाणी घालत होते. तेव्हा मी तुला सांगितलं की त्या तापापासून ह्यांना वास येत नाही. तीन वर्षं झाली. कशाचाच नाही, माशाचा नाही, उदबत्तीचा नाही, चेस्टनटचा तर नाहीच नाही. आणि चेस्टनट भाजणं हे डोळ्यांचं काम नव्हे. साल काळी दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. आधी ओल्या रताळ्यासारखा वास येतो, मग गोड, आणि मग त्या गोडाच्या कडेला किंचित धूर लागतो. त्या घटकेला कढई उतरवायची. सासऱ्यांना गिऱ्हाइकं ‘नाक’ म्हणायची, आणि पुढे ह्यांनाही तेच नाव पडलं. दुकानाला लोक नावाने कमी आणि नाकाने जास्त ओळखतात.

म्हणून आम्ही युक्ती काढली होती. मी शेजारच्या शेगडीपाशी गिऱ्हाइकांसाठी चहा करायची. वास आला की किटलीवर झाकण ठेवायचं, टक्क. तो आवाज ऐकून हे कढई उतरवायचे. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. किटलीवर झाकण ठेवणारी बाई कोण बघतं?

तू हसलीस. म्हणालीस, “लोक नाकाने कांदे सोलतात, तू नाकाने चेस्टनट भाजतेस की गं!” मीही हसले. या गोष्टीवर तीन वर्षांत मी पहिल्यांदा हसले, आणि इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. तू ओला तळहात दगडावर ठेवून म्हणालीस, “आईसमोर सांगते फुमि, हे माझ्या पोटातून बाहेर जायचं नाही.” मग उतरताना, उगाच आठवल्यासारखं म्हणालीस, “असं आहे तर तोमोकीच्या हाती द्या की झारा.” मी म्हटलं, ते ह्यांचं ह्यांना ठरवू दे. तू लगेच बसची वेळ विचारलीस. मला वाटलं, तुला पटलं. भोळी म्हण, मूर्ख म्हण.

तोमोकीचं तुला खुपतं हे मला दिसत नाही असं नाही. ओसाकातली नोकरी सोडून त्याने हे काम शिकायचं ठरवलं, तेव्हा तूच त्याला घेऊन आली होतीस. आम्हाला मूल नाही. काम हाताला बसलं की तो आमचं आडनाव लावील आणि दुकान पुढे चालवील, असं आपण चौघांनी मिळून ठरवलं. चाळिशीला आला तरी तो अजून चिराच पाडतोय, अजून त्याला कढईपाशी उभं करत नाहीत, असं तू चार जणांत बोलतेस तेही माझ्या कानावर येतं. आई आहेस. आईला घाई असते. पण मला येऊन भांडली असतीस, ह्यांना तोंडावर चार शब्द सुनावले असतेस, तरी मी तुझ्या पानात वाढलं असतं.

तू तसं केलं नाहीस. ऐन नोव्हेंबरात, रांग लागलेली असताना, मागच्या दाराने आलीस. नेहमीसारखी “फुमि, चहा टाक” म्हणतच आलीस. या वेळी पाठीमागे पाहुणे होते, ओसाकातल्या त्या मोठ्या दुकानाच्या मिठाई विभागातल्या बाई आणि त्यांचे साहेब. आपला माल ते तिथे ठेवणार, तोमोकी तिकडचं बघणार, असं तू दारातच सांगून टाकलंस. ह्यांनी कढईवरून मान वळवून नमस्कार केला.

मग तू रेशमी रुमाल सोडलास. आत तीन वाट्या. तुझ्या सुगंधाच्या वर्गातल्या, हातोहात फिरवून, डोळे मिटून, कुठला वास कुठला ते ओळखायच्या खेळातल्या. त्या वाट्या तू ओसाकाहून बांधून आणल्या होत्यास, ताई. कुणी नकळत तीन वाट्या बांधून आणतं का? कढईतून तूच तीनदा चेस्टनट काढून घेतलास. एक लवकर, एक वेळेवर, एक उशिरा. स्वतः सोललेस, वाट्यांत घातलेस, वर कागद झाकलास.

“भावोजी, पाहुण्यांना जरा आपल्या नाकाचा चमत्कार दाखवा की!”

“रांग आहे हो बाहेर.”

“रांग कुठे पळून जातेय? डोळे मिटा आणि यातला वेळेवर उतरवलेला कुठला, तेवढं सांगा. की आमच्यासारख्यांसमोर नाक वाकडं करायचं?”

पाहुण्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. “खरंच दाखवा, एवढं ऐकून आलोय आम्ही!”

आता नाही कसं म्हणणार? घरी आलेल्या पाहुण्यांनी हौसेने मागितलेला खेळ आपल्याकडे कुणी मोडत नाही, हे तुला पुरतं ठाऊक. आपल्याला आईनेच शिकवलेलं आहे ते. ह्यांनी झारा तोमोकीकडे दिला, आतल्या खोलीत येऊन बसले, डोळे मिटण्याआधी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी किटलीचं झाकण उचललं. बरोबर वाटी नाकाशी आली की वाजवणार होते.

पहिली वाटी गेली. दुसरी त्यांनी उचलली. तेवढ्यात तू, वर्गात बोलतेस त्या आवाजात, हसून म्हणालीस, “फुमि, ते झाकण जरा खाली ठेव ना. आवाजाने त्यांचं लक्ष जातं.”

तोवर मी तुझ्या बाजूने कारणं शोधत होते. ताईला आठवण राहिली नसेल, ताई उत्साहात असेल. त्या वाक्यानंतर शोधायला काही उरलं नाही. झाकणाची गोष्ट ह्यांना ठाऊक होती, मला ठाऊक होती आणि आईच्या दगडासमोर ऐकलेल्या तुला ठाऊक होती. मी झाकण खाली ठेवलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं. कापणारीचा आवाज इतका गोड असतो हे माहीत नव्हतं.

ह्यांनी डोळे उघडले. दुसरी वाटी परत ठेवली, तिसरीला हातच लावला नाही. डोक्याचा पंचा सोडला आणि पाहुण्यांपुढे चटईला कपाळ टेकेपर्यंत वाकून म्हणाले, “हरलो. मला यातल्या एकाचाही वास येत नाही. तीन वर्षं येत नाही. या तीन वर्षांत इथले चेस्टनट कुणाला चांगले लागले असतील, तर ते हिच्या नाकाने भाजलेले होते. फसवलं, त्याची माफी असावी.”

साहेब स्वतःच्या मोज्यांकडे बघत बसले. पडद्याखालून रांगेतली दोन-चार डोकी आत वाकली, म्हणजे तिथेही ऐकू गेलं होतं. आणि तू तोंडावर हात ठेवलास. “अगं बाई, मला काय कल्पना!” आणि घास गिळायला लागतो तेवढाही वेळ न जाऊ देता, “तरी बरं, तोमोकी तयार आहे.”

तोमोकी कढई उतरवून दाराशी आला होता. तो म्हणाला, “आई, मला पहिल्या हिवाळ्यापासून माहीत आहे. मावशीचं झाकण कधी उशिरा पडलं तर जळायला नको, म्हणून मी कोळसे मागे ओढून ठेवतो. काकांना कळू नये एवढंच बघत होतो.” हे मलाही तेव्हाच कळलं. तुझ्याच पोटचा पोर, ताई. ज्याला तू नुसता चिरा पाडणारा म्हणतेस, त्याने ते तीन वर्षं पोटात ठेवलं. तुला दोन महिने जमलं नाही.

तुला बसपर्यंत सोडायला गेला तेव्हा तो तुला काय म्हणाला, ते त्याने मला सांगितलेलं नाही. पण थांब्यावर योनेदा आजी बसल्या होत्या, म्हणजे आता गल्लीतल्या मांजरांनाही पाठ आहे. “आई, हे माझ्यासाठी केलंस असं मात्र कुणाला सांगू नकोस.”

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते.

त्या संध्याकाळी दुकान बंद केल्यावर ह्यांनी मला एकच प्रश्न विचारला. “झाकणाचं तिला कुणी सांगितलं?”

“मी.”

त्यांनी मान हलवली. बस्स. ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून कढईपाशी आले नाहीत. आतल्या खोलीत बसून भाजलेले चेस्टनट सोलायचे, कुस्करून, फडक्यात पिळून मिठाईचे गोळे वळायचे. वाढलेलं जेवायचे, “छान झालंय” म्हणायचे. वास नसलेल्या माणसाने “छान झालंय” म्हटलेलं ऐकायचं, ते किती दिवस ऐकवतं? भांडले असते तर मी पाय धरले असते. तोमोकीने आणि मी मिळून भाजलं, रांग काही तुटली नाही, आणि रांग तुटत नाही याचंच मला रोज वाईट वाटायचं.

तू माझा विश्वास मोडलास असं मी लिहायला बसले होते. पण तुझ्या हाती दिला तो माझा नव्हताच, त्यांचा होता. माझ्यापुरतं जे आहे ते मी भोगीन. त्यात तुझी सुटका आहे असं मात्र समजू नकोस.

गेल्या रविवारी सकाळी हे पंचा बांधून बाहेर आले. तोमोकीपुढे हात केला. त्याने झारा दिला आणि पाटावर बसून चिरा पाडायला लागला. मी किटली ठेवली. वास आला तशी सवयीने, हलकेच झाकण ठेवायला गेले. माझ्याकडे न बघताच हे म्हणाले, “जोरात वाजव. आता कुणापासून लपवायचंय?”

मी वाजवलं. रांगेतले लोक दचकले, मग हसले. पुढच्या घाण्याला एक जण बाहेरून ओरडला, “वाजलं हो!” योनेदा आजी म्हणाल्या, “आता वाजंत्रीच लागली या दुकानाला, लग्न तेवढं उरलंय.” तेव्हापासून दिवसभर वाजतं. ह्यांच्या त्या बोलण्यात माफी होती की टोमणा, मला अजून उमगलेलं नाही. विचारायचा धीर होत नाही. पण ते उभे आहेत आणि मी शेजारी उभी आहे.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देऊन टाकते. दत्तकविधीची तारीख नाही. तोमोकी म्हणतो, काका स्वतःहून झारा देतील त्या दिवशी नाव बदलेन, त्याआधी नाही, आणि आईने विचारलं तर हेच कळवा. म्हणून कळवलं. नववर्षाचे डबे या वर्षापासून पाठवत नाही. लोणच्याची बरणी उघडली नाही, परत पाठवतेय. घाईत तुझ्या तीन वाट्या इथेच राहिल्या होत्या, धुऊन त्याच रुमालात बांधून त्याही खोक्यात घातल्यात. मार्चमध्ये पितरांच्या आठवड्यात आईच्या थडग्यावर मी पहिल्या दिवशी जाईन. तू दुसऱ्या दिवशी जा. दगड घासून ठेवलेला असेल, तुला फक्त पाणी घालावं लागेल.

आई गेल्यावर मला फुमि म्हणणारी तू एकटीच उरली होतीस.

कधी चेस्टनट खावेसे वाटले तर ये. पण पुढून ये. रांगेत उभी राहा, सगळ्यांसारखी. झाकण वाजलं की गरम मिळतील, आणि पुडीत एकही कमी भरणार नाही. मागच्या दाराला मी कडी घातली आहे.

हागिवारा फुमिए