पोटावरच्या गांध्या

३ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न.

चिमणी आता बरी आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू जरा टेकून वाचशील. मंगळवारी तापाचा तिसरा दिवस. पातळ औषध दिलं की उलटी. डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं देत राहा. मीच हटून बसले की सुई द्या, माझ्या रजा संपल्यात. ती दिल्यावर दहा मिनिटांत, दवाखान्याच्या बाकावरच, तिचे कान लाल झाले, अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. डॉक्टरांनी तिला आडवी करून मांडीत दुसरी सुई टोचली, म्हणून वाचली. दोन दिवस इस्पितळात होती. पहिल्या सुईतल्या औषधाचं नाव कागदाच्या मागे उतरवलंय.

आता ती खेळते आणि मी तिचा श्वास बघत बसते. हे डॉक्टरांशी भांडायला निघालेत. सुई मीच मागितली, हे सांगायला जीभ उचलत नाही. तू नर्स आहेस, काय करू?

उत्तराची वाट बघणारी,
धाकटी

९ ऑगस्ट

चि. धाकटीस, अ. आ.

पत्र वाचल्यापासून वॉर्डात दोनदा चुकीच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिले. ते नाव शाळेत दे, पर्समध्ये ठेव. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापावर काहीही देऊ नकोस. तू हट्ट केलास खरा, पण असं होईल हे तुला कुठून कळणार?

मी बोलले असते तर कळलं असतं. मागच्या सुट्टीत ती माझ्याकडे होती, तेव्हा कणकण आली म्हणून मी गोळी दिली. याच जातीची. पोटावर गांध्या आल्या, संध्याकाळी गेल्या. डास चावले असतील, अशी मीच माझी समजूत घातली आणि तुला कळवलं नाही. वीस वर्षं दुसऱ्यांच्या आयांना विचारतेय, आधी कधी पुरळ आलं होतं का म्हणून! डॉक्टरांना हे सांग, माझ्या नावानिशी.

लोभ ठेव म्हणायला धजत नाही.
ताई

१८ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न.

चार दिवस तुझं पत्र डब्याखाली दडपलं आणि भांडी आपटली. मग यांना वाचून दाखवलं, त्याच दमात माझंही सांगून टाकलं. हे चपला घालून बराच वेळ दारात उभे राहिले. मग म्हणाले, दोघं मिळून जाऊ. डॉक्टरांनी दोन्ही वेळचा त्रास नोंदवला, मोठ्या डॉक्टरांकडे तपासणीला चिठ्ठी दिली. म्हणाले, आधी विचारायला मीही चुकलो. आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता बसलो होतो. चिमणी वजनाच्या काट्यावर चढत-उतरत होती.

मावशीकडे जायचंच, असा हट्ट धरून ती रुसून बसलीय. तिला एकटीला पाठवायला अजून मन होत नाही. तेव्हा तूच ये, चांगली आठवडाभर. माझं भांडण पत्रात मावणार नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी