श्वास आत, व्हय म्हाराजा

तारकर्ली,
जत्रेच्या आधीचा रविवार

तीर्थस्वरूप अजयदादास,

धाकट्या जानकीचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण आहेच, पण ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तू तेवढंच वाचशील आणि पत्र घडी घालून टीव्हीच्या मागे ठेवून देशील. इकडे सर्व क्षेम आहे. थंडी पडल्यापासून आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती घावणे काढायला उभी राहिली की गप्प होतात. बाबा बरे आहेत. (तू विचारलं नाहीस, मीच सांगितलं. त्यांनीही तुझं विचारलं नाही, म्हणजे फिटंफाट.) माडाच्या बागेत तुला होमस्टेच्या खोल्या बांधायच्या होत्या आणि बाबांना माड ठेवायचे होते, त्यानंतर दोन जत्रा होऊन गेल्या आणि आता तिसरी आली. तुम्ही दोघे अजून एकमेकांशी बोलत नाही, आणि माड तुम्हा दोघांनाही न जुमानता वाढताहेत. व्हॉट्सॲपवर काही लिहिलं की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून हे मुद्दाम पोस्टाने पाठवते आहे.

शर्मिलावहिनीचा फोन आला होता. म्हणाली, तुला रात्र रात्र झोप नाही, डॉक्टरांनी ध्यान करायला सांगितलंय आणि तू मोबाईलवर कुणा बाईचा आवाज लावून डोळे मिटून बसतोस. (बाईचा आवाज यावर वहिनीने जरा जास्तच जोर दिला, तेवढं सांभाळ.) ऐकून मला काळजी वाटली आणि हसूही आलं, कारण तेच ध्यान सध्या माझ्या पाचवीच्या वर्गात चालू आहे. आणि दादा, काय सांगू तुला, गेल्या पंधरा दिवसांत जे काही घडलंय ते कधी एकदा तुला सांगते असं मला झालं आहे.

झालं असं की ओरोसला आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. विषय होता, मुलांसाठी सजग ध्यान. शिकवायला पुण्याच्या एक ताई आल्या होत्या. त्यांचा आवाज इतका मऊ की जेवणानंतरच्या सत्रात मागच्या रांगेतले गुरुजी खुर्चीतच कलंडले, आणि ताईंनी त्यांच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना सांगितलं की बघा, शरीर सैल सोडणं म्हणजे काय. आम्हा प्रत्येकाच्या तळहातावर त्यांनी एक मनुका ठेवली. ती आधी बघायची, मग हुंगायची, मग जिभेवर ठेवायची, पण चावायची नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा मनुकेकडे नीट पाहिलं आणि पेटलेच. वाटलं, आपल्या पोरांना हे मिळालंच पाहिजे.

आमचे मुख्याध्यापक गुरुदास सर. त्यांना मुलं गप्प बसलेली आवडतात, पण गप्प बसवण्यासाठी मऊ आवाज वापरायचा ही कल्पनाच त्यांना सोसेना. शेवटी त्यांनी मला शेवटचा तास दिला, पण अटीवर. शुक्रवारी विस्तार अधिकारी मॅडम शाळा बघायला येणार, त्यांच्यासमोर वर्ग शांत बसलेला दिसला तर तास माझा. नाही बसला तर तो तास सरांच्या अपूर्णांकांना. हे वर्गात कळलं आणि मुलांनी बोंबच ठोकली, कारण अपूर्णांक आधीच दुपारच्या जेवणापूर्वी एकदा होतात. म्हणजे माझी अब्रू आणि पोरांचा शेवटचा तास, दोन्ही एकाच दोरीला टांगलेली.

सुरुवात मी मनुकेपासून केली. मनुका कुठून आणणार, म्हणून घरचे काजूगर नेले. 'आता याच्याकडे नीट बघा' असं मी म्हणेपर्यंत बघायला काही उरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोकमाची सोलं नेली. ती जिभेवर टिकली, पण वर्गभर जे चेहरे झाले ते बघून मलाच हसू आवरेना. मग ताईंनी दिलेला कागद काढला आणि त्यात लिहिलं होतं तसं मऊ आवाजात वाचलं, की डोळे मिटा, तुम्ही समुद्रकिनारी बसला आहात, समोरून लाटा येताहेत. आता पुण्याच्या माणसाला यात शांत वाटत असेल, ती माणसं त्यासाठीच तर आपल्याकडे येतात. पण आमच्या संचिताने डोळे मिटलेले ठेवूनच हात वर केला आणि रापणीचं जाळं ओढायला माणसं कमी पडताहेत का असं विचारलं. कौस्तुभचा बाप ट्रॉलरवर असतो, त्याने वारा कुठला आहे ते विचारलं. मग वारा दक्षिणेचा की वायव्येचा यावरून डोळे मिटलेल्या अवस्थेतच दोन तट पडले. समुद्र म्हटला की या पोरांच्या डोक्यात कामं आणि काळज्या सुरू होतात, हे मी याच किनाऱ्यावर वाढूनही विसरले होते. तुम्हाला खरंच शांत कुठे वाटतं असं मी विचारलं, तर एकीने सांगितलं की आजीच्या खाटेखाली, आणि एकाने सांगितलं की मालवणच्या एसटी स्टँडवर, पाहुण्यांची गाडी सुटली की.

मग आवाज ऐकायचा धडा घेतला. बाहेरचे आवाज नुसते ऐकायचे, त्यांच्यामागे मन जाऊ द्यायचं नाही. नेमका तेव्हाच मासे विकणाऱ्या सत्यवतीमावशीच्या स्कूटरचा भोंगा वाजला. सगळी मनं एकदम तिच्यामागे गेली, आणि तिच्याकडे आज सौंदाळे आहेत की बांगडे यावर कुजबुज सुरू झाली. (खोटं कशाला बोलू, माझं मन सर्वांत पुढे होतं. सौंदाळेच होते.)

आणि मग तो मंगळवार उजाडला. मी ठरवलं की कागद बाजूला ठेवायचा आणि आपलं आपण बोलायचं. ताईंनी सांगितलं होतं, हळू बोला, खालच्या पट्टीत बोला आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबा. मी हळू, खालच्या पट्टीत म्हटलं, 'आज आपण सगळे इथे शांत बसलो आहोत,' आणि थांबले. तर मागच्या बाकावरून अगदी गंभीर आवाज आला, "व्हय म्हाराजा."

तू मुंबईला जाऊन विसरला असशील म्हणून सांगते. आपल्या देवळात गाऱ्हाणं घालणारा देवाशी असाच बोलतो. एक मागणं मागतो आणि थांबतो, मग जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, आणि ते म्हटल्याशिवाय तो पुढचं मागत नाही. आमच्या पोरांना हे कडेवर असल्यापासून कळतं. कुणी संथ बोलून थांबलं की उत्तर द्यायचं, नाही दिलं तर देव खोळंबतो. मी म्हटलं, श्वास आत घ्या, आणि अख्खा वर्ग व्हय म्हाराजा. मी म्हटलं, हळूच सोडा, परत व्हय म्हाराजा. पहिल्यांदा मी रागावणार होते, पण दादा, चार वाक्यांनंतर बघते तर सगळ्यांचे खांदे उतरलेले, कपाळं मोकळी झालेली, आणि उत्तर देताना सगळ्यांचा श्वास एकदमच बाहेर पडतोय. ताईंना जे दोन दिवसांत आमच्याकडून करून घेता आलं नाही ते या पोरांनी झटक्यात केलं. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. घरी येऊन आईला सांगितलं, बाबांना सांगितलं, सत्यवतीमावशीलाही सांगितलं. दर जत्रेला देवळात गाऱ्हाणं घालणारे बाबा एवढंच म्हणाले की तुझं थांबणं चुकतं, जरा आधीच थांबतेस.

पण गुरुदास सरांना ते पटलं नाही. ही शाळा आहे, देऊळ नाही, आणि मॅडमना शांतता दाखवायची आहे, तेव्हा व्हय म्हाराजा बंद. (माणूस अगदीच चुकीचं बोलत होता असंही नाही.) मग मी पोरांना गप्प राहायला शिकवायला लागले. दोन दिवस मी त्यांना शांत राहा, शांत राहा म्हणून जे ओरडले, त्याने शुक्रवारी सकाळी माझा आवाजच बसला. ध्यान शिकवणाऱ्या बाईचा घसा ओरडून बसावा, यापुढे काय बोलायचं? नाहीतरी बोलता येतच नव्हतं.

मॅडम आल्या. 'उपक्रमाची फलनिष्पत्ती' वगैरे भाषेत बोलत होत्या. वर्ग डोळे मिटून बसला, मी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. सरांचा चेहरा पांढरा पडला आणि पोरांना अपूर्णांक दिसायला लागले. तेवढ्यात दारात बाबा, आईने दिलेला काढ्याचा थर्मास घेऊन. सरांनी मागचा-पुढचा विचार न करता ताईंचा कागद बाबांच्या हातात दिला आणि तेवढा वाचा म्हणून विनवलं. बाबांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला.

"चष्मो हाडूक नाय मी. मागूचा काय आसा, ता सांग."

मी त्यांच्या कानात फुसफुसले, श्वास, शांती, मनातल्या काळज्या. त्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले आणि देवळातल्या आवाजात सुरुवात केली. बा देवा म्हाराजा, ही पाचवीची पोरां डोळे मिटून बसली आसत, त्येंचो श्वास सरळ आत जांवदे, सरळ भायर येवंदे. सर हातवारे करून पोरांना गप्प राहायला सांगत होते, पण डोळे मिटलेल्या पोरांना ते दिसणार कसे? छप्पर उडेल असं व्हय म्हाराजा झालं. परीक्षेची भीती समुद्रापार गेली, होड्या सुखरूप बंदराला लागल्या, आजारी आज्या उठून बसल्या. मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या, सर भिंतीला टेकले होते. आणि मग बाबा जरा थांबले, आणि खालच्या आवाजात म्हणाले,

"आणि म्हाराजा, माझो झील मुंबैक आसा. तेका रातीची झोप नाय. काय चुकला-माकला आसात, तेचा नायतर माझा, ता पोटात घाल आणि तेका झोप लागांदे."

दादा, वर्ग गप्प. तुमचं भांडण अख्ख्या गावाला ठाऊक, पोरांनाही ठाऊक, त्यामुळे उत्तर द्यायचं धाडस कुणाला होईना. संचिताने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. बाबा हात जोडून उभे. उत्तर आल्याशिवाय ते पुढे जाणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि उत्तर मीच द्यायला हवं होतं, पण घशातून काही फुटेना. रडू मात्र फुटलं. सरांना हवी होती ती शांतता हीच, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी. आणि त्या शांततेत मॅडमनी पेन खाली ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." (मागून कळलं, त्या सावंतवाडीजवळच्या इन्सुलीच्या. फलनिष्पत्ती ऑफिसातली, पण हे घरचं.) मग पोरांनी असा काही आवाज लावला की सत्यवतीमावशी स्कूटर थांबवून आत डोकावली.

तास माझ्याकडे राहिला. शेऱ्यात मॅडमनी लिहिलंय, 'वर्गातील शांतता समाधानकारक.' सर आता म्हणतात की कल्पना मूळची त्यांचीच होती, आणि काल त्यांना मी तीन छेद चार संथ आवाजात म्हणून थांबताना ऐकलं. पोरांनी उत्तर दिलंच.

असो. जत्रा येत्या शुक्रवारी आहे. आईचे आशीर्वाद. वहिनीला नमस्कार, छोट्या दिव्याला गोड पापा.

तुझी,
जानकी

ता. क. जाताना मॅडम बाबांना बाजूला घेऊन, सावंतवाडीला बदली व्हावी म्हणूनही एकदा गाऱ्हाणं घाला म्हणाल्या. बाबांनी नारळ घेऊन जत्रेला यायला सांगितलंय.

ता. क. २. बाबा म्हणतात, ते तुझ्याबद्दल नव्हतं, एकूणच मुंबईला असलेल्या झिलांबद्दल होतं. त्यांना मुलगा एकच आहे याची आईने त्यांना आठवण करून दिली, तेव्हा ते माडांना पाणी घालायला गेले. होमस्टेचा विषय तू काढू नकोस. बागेच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात माड नाहीत हे ते दोनदा आपणहून म्हणाले आहेत.

ता. क. ३. आता पत्राचं कारण. उपक्रम केला याचा पुरावा लागतो, म्हणून मी मोबाईल टेबलावर ठेवून सगळं रेकॉर्ड केलं होतं. ते तुला व्हॉट्सॲपवर पाठवते. रात्री त्या बाईऐवजी ते लाव. (वहिनीलाही बरं वाटेल.) तुझ्या नावाचं मागणं येतं तिथलं मॅडमचं आणि पोरांचं उत्तर मी काढून टाकलंय, तिथे बाबा नुसते थांबलेत. मोबाईलला उत्तर देऊ नकोस, शुक्रवारी देवळात येऊन दे. बाबा उत्तर आल्याशिवाय पुढे जात नाहीत, हे तुला माहीत आहे.