प्रशिकची हजेरी

नंदनवन, नागपूर
रविवार, ११ जानेवारी २०२६

चि. सौरव यास,

जयभीम आणि आशीर्वाद. थंडी फार पडली आहे, अंगावर पांघरूण नीट घेत जा. मी प्रशिकची आई, सिंधू. इकडचं सगळं ठीक आहे असं आधी लिहायची रीत असते. ते मी आज लिहीत नाही.

तुझा पाच वाजताचा निरोप वाचला. त्याचं उत्तर द्यायला बसले आहे, पण आधी एका सकाळचं सांगते.

त्या सकाळी नळ साडेपाचलाच आला. दोन्ही ड्रम भरले, प्यायच्या पाण्याच्या गुंडावर फडकं बांधून तो भरला, दार झाडलं, बाबासाहेब आणि बुद्धांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. तीन साड्यांचा फॉल-पिको द्यायचा होता म्हणून मशीनला तेल घातलं. रात्रीचा भात फोडणीला टाकला. मग फडताळातला प्रशिकचा फोन काढला आणि प्रशिकनं शिकवलं होतं तसं केलं. निळं चित्र दाबायचं, उघडेपर्यंत थांबायचं, वरच्या कोपऱ्यात कॅलेंडरासारखा चौकोन येतो त्यावर बोट ठेवायचं. हिरवी खूण उमटली की झालं. फोन परत चार्जरला.

ही जुलैची आठ तारीख. प्रशिक चार दिवसांपासून दवाखान्यात होता आणि मी डबा घेऊन निघायच्या घाईत होते. भरती व्हायला जाताना ऑटोत बसता बसता तो मला म्हणाला होता, "आई, सात दिवस हजेरी नाही लागली तं लीडरपण जाते माझं. रोज सकाळी तेवढं लावून देजो." मी म्हटलं, देईन. मला वाटलं कॉलेजची हजेरी आहे. त्याची हजेरी दर वर्षी कमी पडायची, सरांपुढे जाऊन मीच हात जोडायची. आता फोनवरून लावायची सोय झाली, बरं झालं, असं मनात आलं. लीडर म्हणजे वर्गाचा मॉनिटर असेल.

नऊ तारखेला दुपारी तो गेला.

सौरव, हे वाक्य मी अजून कोणाला लिहून कळवलेलं नाही. जे घरी आले त्यांना दिसलंच. तुम्हाला दिसणार नव्हतं.

त्याला सिकलसेल होता, जन्मापासून. थंडीत, पावसात हाडं अशी दुखायची की चादर दातांत धरायचा. तुम्हा मुलांना त्यानं हे सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून आला की "नेट गेलं होतं" असं लिहायचा. मी हे नंतर वाचलं. त्याला तिथे आजारी मुलगा व्हायचं नव्हतं, एवढंच मला समजतं. घरात, शाळेत, कॉलेजात तो आजारीच होता. तुमच्यात तो धावत होता.

दहा तारखेलाही नळ आला. मी पाणी भरलं. प्रशिकचे बाबा बळीराम गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. माणूस गेल्यावरही दुसऱ्या दिवशी काय काय करावं लागतं, ते मला त्या वेळेपासून ठाऊक आहे. पाणी झालं, झाडणं झालं, मेणबत्ती झाली, आणि बोट आपोआप त्या चौकोनावर गेलं. कॉलेजला कळवायचं राहिलं आहे, तोवर मुलाची गैरहजेरी नको, असं काहीसं डोक्यात होतं. तू हसू नको. हसलास तरी चालेल.

कॉलेजचे सर भेटायला आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, हजेरी मी लावते आहे रोज. मग त्यांनी फोन हातात घेऊन सांगितलं की हा खेळ आहे, हा कॉलेजचा नाही. त्या दिवशी थांबायला हवं होतं. पण फोनवर तुमचे निरोप साचलेले होते, शंभराच्या वर, आणि मला ते वाचता येत नव्हते.

मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं वाचन विहाराच्या वाचनालयात बसून मीच केलं. कादंबऱ्या वाचते, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचते. पण तुम्ही पोरं मराठी बोलता आणि लिहिता इंग्रजी अक्षरांत. समोर माझीच भाषा आणि मी बाहेर उभी, असं झालं. शेजारी पिंकी म्हणून सहावीतली मुलगी आहे. तिच्याकडून एबीसीडी शिकले. ती विचारायची, "काकू, तुमाले काहून पाहिजे इंग्रजी?" मी म्हणायची, साडीच्या दुकानाचे बोर्ड वाचायला. महिनाभरात एक एक शब्द लावून वाचायला लागले. भंडाऱ्याची सोनिका, गोंदियाचा पियूष, अमरावतीचा तू. खेळातल्या तुमच्या गटाचं, त्या गिल्डचं, सावजी स्क्वॉड हे नाव प्रशिकनंच ठेवलं होतं ना? वाचून मला हसू आलं. त्याला तिखट चालत नव्हतं.

वाचायला आलं तोवर ऑगस्ट लागला होता. तुम्हाला काय दिसत होतं ते मला तेव्हा कळलं. रोज सकाळी त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. खेळत नाही, माईकवर बोलत नाही, पण येऊन जातो. पियूषनं लिहिलं होतं, "आपला लीडर म्हणजे सरकारी बाबू झाला बे. सही करते अन् गायब." सोनिकानं लिहिलं, अभ्यास करत असेल, त्याला त्रास देऊ नका. तिनं सगळ्यांसाठी काळे टीशर्ट छापून घेतले, त्याचाही आला, त्याच्या नावाचा. मी घडी मोडली नाही.

त्या दिवशीच लिहायचं होतं. पण या फोनवर मी काहीही लिहिलं की त्याच्यावर नाव त्याचं येतं. "प्रशिक गेला" हे प्रशिकच्याच नावानं कसं लिहायचं? दोनदा अक्षरं जुळवली आणि पुसली. मग मी मनाशी नियम केला की त्याच्या नावानं एकही शब्द लिहायचा नाही. हजेरी लावायची आणि कोणी काही विचारलं तर अंगठ्याचं चित्र दाबायचं. शब्द नाही म्हणजे खोटं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आणि थांबता येईना. तुम्हा लोकांत तो रोज सकाळी येत होता. बाकी कुठेच येत नव्हता. माझा भाऊ नत्थूजी कन्हानला राहतो, तो म्हणतो चार दिवस येऊन राहा. मी म्हणते शिवणाचं काम आहे. खरं म्हणजे त्याच्या घरात रेंज येत नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेले तर त्या गर्दीत फोन चालेना. आमच्या बाया वंदनेला बसल्या आणि मी पांढऱ्या लुगड्यात, फोन डोक्यावर धरून, रस्त्यारस्त्यानं चालत राहिले. पार दूर गेल्यावर हिरवी खूण उमटली. परत आले तोवर वंदना संपली होती. नणंद म्हणाली, "कुठं गेली होती वं? बळीरामचं नाव घेतलं आम्ही." नवऱ्याच्या नावाला मी हजर नव्हते.

एक गोष्ट वर खोटी लिहिली. एकही शब्द लिहिला नाही असं म्हटलं, ते खरं नाही. एकदा लिहिला होता.

गणपतीच्या दिवसांत तू एकट्या प्रशिकसाठी लिहिलं होतंस. दुसऱ्यांदा तीन विषय राहिले, घरी सांगितलं नाही, दोन दिवस खोलीचं दार उघडलं नाही, काही खाल्लं नाही. पुढे होतं, "आज तुझा ठिपका दिसला नसता तर मी काय केलं असतं माहीत नाही." मला ते वाचायला अर्धा तास लागला. मशीन तशीच टाकली. एक एक अक्षर शोधून मी लिहिलं, uth. jev. एवढंच. उठ, जेव. थोड्या वेळानं तुझं उत्तर आलं, "भाई, तू आज माझ्या आईसारखा बोलला." आणि संध्याकाळी ताटाचा फोटो पाठवलास. वरण, भात, वांग्याची भाजी.

त्यानंतर मला सुटका उरली नाही. एक दिवस हजेरी चुकली तर तुझं काय होईल, या विचारानं मी ताप असतानाही उठले. त्याच्यासाठी करत होते की तुझ्यासाठी, की माझ्यासाठी, ते मला वेगळं करता येत नाही.

आता आजचं.

तुझ्या नोकरभरतीच्या परीक्षेचं सेंटर आमच्याच नंदनवनात आलं आणि तू लिहिलंस की बारा वाजता पेपर सुटतो, गेटसमोर भेट, आता बहाणा नको. मी अंगठा दाबला. सकाळी पाटोडीची भाजी केली, पोळ्या केल्या, डबा बांधला. तुला भेटून सगळं सांगायचं, असं ठरवूनच घरून निघाले.

मी रस्त्याच्या पलीकडे झेरॉक्सच्या दुकानापाशी उभी राहिले. तू गेटबाहेर आलास. एवढ्या थंडीत स्वेटर कमरेला बांधलेला, काळ्या टीशर्टवर सावजी स्क्वॉड वाचता यावं म्हणून. तू फोन लावलास आणि माझ्या पिशवीत वाजला. मी पिशवी पोटाशी दाबून आवाज बंद केला. तू पुन्हा लावलास. एक वाजला, दीड वाजला. येणाऱ्या प्रत्येक मुलाकडे तू मान वळवून बघत होतास. मला रस्ता ओलांडता आला नाही.

इथवरच लिहून थांबले असते तर तुला वाटलं असतं, बाई भित्री आहे. पण तू स्वतः रस्ता ओलांडून आलास. निळ्या स्वेटरची, हातात डबा असलेली जी बाई तुला दिसली, ती मी. तू मला विचारलंस, "काकू, इथं प्रशिक नावाचा पोरगा दिसला का तुमाले? बारीक असंल, चष्मा असंल त्याले."

तो बारीक होता. चष्मा होता. तू त्याला कधी पाहिलं नव्हतंस तरी बरोबर सांगितलंस.

मी म्हणाले, "नाही बाबा. मले नाही दिसला."

मग मी तुला विचारलं, जेवला का. डबा पुढे केला. तू म्हणालास, "भाऊ आला का संगंच जेवतो." आणि परत जाऊन गेटपाशी उभा राहिलास. अडीच वाजता तू बसस्टॉपकडे गेलास, तेव्हा मी घरी आले. डबा उघडला नाही.

पाच वाजता तुझा निरोप आला. "तू पण तसाच निघाला. समजलं मला. आता मी येणार नाही. कुठेच." त्याखाली बारीक अक्षरात आलं की सौरवनं गिल्ड सोडली. मी फोन लावला तर बंद. तुला माझा आवाज ऐकवायची हिंमत सहा महिन्यांत झाली नव्हती, आज झाली तर फोन बंद.

तो "कुठेच" मी दहादा वाचला.

तुझा पत्ता प्रशिकच्या वहीत सापडला. मागच्या वर्षी त्यानं तुला गणिताच्या नोट्स कुरिअर केल्या होत्या, त्याची पावती चिकटवून ठेवली आहे, तिच्यावर तुझ्या होस्टेलचा पत्ता आहे. तुझ्या नावापुढे त्यानं कंसात लिहिलं आहे, "हुशार आहे पण भितो." तो भीत नव्हता असं नाही. तुझ्यापासून लपवत होता, जसं तू घरून लपवतोस. तुम्ही दोघं एकमेकांना धीर देत होता आणि दोघांनाही खरं माहीत नव्हतं.

राग धर, तो माझ्यावर धर. तो तुला टाळणारा नव्हता. आज तो असता तर दुखऱ्या पायानंही आला असता. आणि घरी सांग बाबा, विषय राहिले म्हणून. आईबापाला मुलगा समोर दिसत असला की बाकी सगळं ऐकता येतं. हे मी पुस्तकातलं लिहीत नाही.

अजून एक मागायचं आहे. सोनिकाला आणि पियूषला तू कळव. तुझ्या नावानं, तुझ्या शब्दांत. आणि ही हजेरी थांबव. मला एकटीला ती थांबवता येत नाही.

सोमवार, १२ जानेवारी
अमरावती

काल इथवर लिहून पाकीट चिकटवलं. मग मनात आलं, पोस्टानं चार दिवस लागतील. पाकीट फोडून हे पुढचं लिहीत आहे.

आज सकाळी पहिल्या एसटीनं मी अमरावतीला आले. तुमच्या होस्टेलात बायांना वर सोडत नाहीत. चौकीदार रुपराव भले आहेत, त्यांनी वर जाऊन तुझं दार वाजवलं आणि येऊन सांगितलं की पोरगा आत आहे, "भूक नाही" म्हणाला. म्हणजे तू आहेस, एवढं कळलं. समोर आले की माझी जीभ पुन्हा कालच्यासारखी वळेल, म्हणून आधी हे पत्र त्यांच्या हाती वर पाठवते. मी खाली गेटजवळ बाकावर बसले आहे. शेवटची एसटी सातला आहे, ती मी धरणार नाही.

प्रशिकची आई
सिंधू बळीराम