भुरीले ते औषध नको

धम्मा,

मी उमरखेडले चालली. कपाशी फवारता फवारता काका वावरातच पडला, त्याले दवाखान्यात ठेवलं. काकू तिथं एकटीच आहे. भाकरी टोपल्यात आहेत.

भुरीच्या कानात परत गोचीड झाले. चिमट्यानं एकेक काढ अन् साबणाच्या पाण्यात टाक, बोटानं चिरडू नको. तिचं झोपायचं पोतं गरम पाण्यानं धुवून उन्हात घाल. पण कपाशीचं औषध तिले पुन्हा लावू नको. मागं तू लावलं तं दिवसभर थरथरत होती बिचारी कुत्री. गुरांच्या डॉक्टरनं सांगतलं ना, तिच्या अंगात रोगाशी झगडायची ताकदच कमी आहे म्हणून. तिचं वजन पाहून तो देईल तेच द्यायचं.

अन् बाबा आजही फवारायचा पंप घेऊन गेलेच. ते आले का भुरी पह्यले त्याईचे हात चाटते. आधी साबणानं हात धुवायले लाव, सदरा बाहेरच काढायले सांग. मी सांगून सांगून थकली. मले म्हणतात, काही होत नाही. काकाही हेच म्हणे.

तू भुरीचं नाव सांग. तिच्यासाठी धुतील.

मैत्रेयीताई