डावखुरा टाका

सोनिवली,
१२ मार्च २०२५

तुळशीस, थोरल्या जावेचा आशीर्वाद.

आम्ही बरे. भावजींचा पाय अजून सुजतो का ते कळव. चौथी शिकलेली मी, चुका काढत बसू नको.

गोधड्यांचं काम चालू आहे. ते बाहेरदेशचं फेअर ट्रेडवालं दुकान अजून भाव आधी ठरवतं, अर्धे आधी देतं. तू आता जिथं जातेस तो कॅम्प पाचातला शेठ जीन्सचे धागे कापून घेतो आणि भाव शनिवारी त्याच्या मूडवर सांगतो, असं माझा दिपेश बोलला.

दुकानाकडून भावाच्या वर सगळ्या गटासाठी जे पैसे येतात, त्याचे या खेपेला बायकांनी हात वर करून चष्मे घेतले. बाराच्या बारा जणींना. दिवाळीत आले. मला सुईचं भोक दिसलं.

त्याच आठवड्यात आपल्या गटाच्या वृंदा मॅडमनी कपाट साफ करायला लावलं. दुकानाकडून परत आलेली ती गोधडी निघाली. कोपरा उसवलेली, लांब टाक्यांची, तुझ्या नावाची पट्टी लावलेली. तू बोलत होतीस, माझी नाही. सगळ्यांनी पट्टीच बघितली. तुला गटातून काढायला पहिला हात माझा होता. "घरातली म्हणून सोडायची काय," असंपण मीच बोलले.

तू डावखुरी. तुझा टाका डावीकडे कलतो. त्या गोधडीतला एकूणएक टाका उजवीकडे.

ती माझी आहे. आपण समोरासमोर बसायचो, पट्ट्या एकाच डब्यात. मला नीट दिसत नव्हतं, तुझी पट्टी उचलून शिवली. मुद्दाम नाही. म्हणजे तुझी गोधडी माझ्या नावानं गेली. ती घेणाऱ्या तिकडच्या बाईनं गोदूचा हात छान म्हणून चिठ्ठी धाडलेली, ती मी भिंतीला लावली होती. काढली.

दिवाळीपासून माहीत होतं. चार महिने गप बसले. काय वाटलं म्हणशील तर काहीच नाही. जेवत होते, झोपत होते.

काल बैठकीत गोधडी पसरली आणि सांगितलं. पद्मजा बोलली, "गोदूताई, चष्मा दिवाळीत आला ना?" मी हो म्हटलं. मग तुला परत घ्यायला हात वर झाले. तुझी जागा तुझी. माझं काय ते पुढच्या मंगळवारी.

तुझी पट्टी उसवून या पाकिटात घातली आहे. तिथं माझी लावली. तुला चष्मा द्यायचा ठरलाय, डोळे तपासून घे.

माझ्याशी बोलू नको हवं तर. कामाला ये.

लांब टाक्याची,
गोदू