दोन काळ्या टोप्या

दि. ४ मार्च

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. कारखान्यात नवं यंत्र आलंय आणि ते चालवायला जुना मीच. ही मजेत आहे, तुला नमस्कार सांगते.

सोबत रेडिओ पाठवतोय. बाबांच्या टोप्यांच्या दुकानात तू दिवसभर एकटी असतेस, निदान कोणीतरी बोलत राहील. काम फार अंगावर घेऊ नकोस.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
भोपळ्या

दि. १५ मार्च

चि. भोपळ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रेडिओ मिळाला. दुकानात आता एक बाई बातम्या सांगत बसते आणि मी तिच्याशी वाद घालते. त्याच्यावरचे आकडे पुसट आहेत की माझेच डोळे, देव जाणे.

बाबांचा खेळ आठवतो? आपल्याला समोरासमोर बसवून डोक्यावर एकेक टोपी घालायचे आणि म्हणायचे, दोघांपैकी एकाची तरी काळी आहे, आपापली ओळखा. एकदा मला तुझी काळी दिसली. माझी पांढरी असती, तर ती बघून तू लगेच स्वतःची ओळखली असतीस. तू गप्पच. म्हणजे माझीही काळी. मी जिंकले आणि तू भोकाड पसरलंस.

आता बघ. डोळे दाखव म्हणून जानेवारीत तू माझा जीव खाल्लास. तुझ्याच वर्गमित्राला दाखवले. थेंब घाला म्हणाला, बाकी गप्प. तेव्हापासून तूही चकार शब्द विचारत नाहीस, म्हणजे त्याच्याकडून तुला कळलंय. बातमी चांगली असती तर तू तार केली असतीस. शिवाय दर वर्षी कादंबऱ्या पाठवणारा तू, यंदा रेडिओ पाठवतोस. माझी टोपी काळी आहे, कळलं मला. सुईत दोरा ओवायला हल्ली शेजारीण लागते.

पण तुझीही टोपी मला दिसतेय रे. पत्राखाली तुझी बायको स्वतः दोन ओळी लिहायची, तिरक्या अक्षरात. गेली तीन पत्रं तिचा नमस्कार तुझ्याच अक्षरात येतो. मी तिच्याबद्दल काहीच विचारत नाही, यावरून तुला कळायला हवं होतं. या खेळात तू कच्चाच.

मला फार एकटं वाटतं. दिसतंय तोवर तुझं तोंड बघायचंय.

तुझी,
ताई

दि. २३ मार्च

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

ती जानेवारीअखेर घर सोडून गेली. तिच्या नावानं दोन ओळी लिहायचा धीर झाला नाही, म्हणून नुसता नमस्कार लिहीत राहिलो. डॉक्टर म्हणतो, तुला वर्षभर तरी दिसेल. पुढचं तो सांगत नाही, आणि मला तुला सांगवत नव्हतं.

रविवारी येतोय. परत कधी जायचं ते तू सांगशील तेव्हा बघू. अक्षरं मुद्दाम मोठी काढलीत, शेजारणीकडून वाचून घेऊ नकोस.

आणि ताई, रेडिओवरचे आकडे खरंच पुसलेले आहेत. तो नवा नाही, माझाच आहे. घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून मी तो दिवसभर लावून ठेवायचो.

तुझा,
भोपळ्या