वाढत्या अंगाची गिटार

फुजैरा,
रविवार

आदरणीय नूरजहाँ आपास,

धाकट्या मोईनचा सलाम. तुझा गुडघा जिना चढू देतो का? दुल्हाभाईंचा खोकला हवेचा की विडीचा, ते डॉक्टरांनी सांगितलं का? आणि त्या दोन कोंबड्या परत आल्या की शेजाऱ्यांच्या पोटात गेल्या, तेही कळव. मी इथे खुशाल आहे. केस तेवढे कमी होतायत. हे पत्र सुट्टीवर गावी निघालेल्या गनीच्या हाती देतोय, कारण तू फोनवर बोललीस की सगळा मोहल्ला ऐकतो, आणि ही गोष्ट रुखसारच्या कानावर जाता कामा नये. (घाबरू नकोस, दुसरं लग्न केलेलं नाही.)

मला एमानसाठी गिटार घ्यायची आहे. शाळेत कुणा मॅडमनी गिटार आणली होती, तेव्हापासून पोरगी बॅडमिंटनची रॅकेट मांडीवर आडवी घेऊन दिवसभर तिच्या तारा छेडत बसते, अशी रुखसारची तक्रार आहे. एमानने स्वतः मला काही मागितलेलं नाही. पूर्वी पेन्सिलीपासून विमानापर्यंत सगळं मागायची. आता काय आणू विचारलं, की "नथिंग, अब्बा" म्हणते. त्या नथिंगचं मला फार वाईट वाटतं, आपा.

म्हणून मागच्या रविवारी बसने शारजाला गेलो. दुकानात फहद नावाचा केरळी तरुण होता आणि भिंतीवर शंभरेक गिटारी, मला सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या. मी सर्वांत स्वस्त काढायला सांगितली. ती त्याने काढली आणि त्यानेच नको म्हटलं. तारा दांड्यापासून इतक्या वर, की दाबता दाबता लेकराची बोटं सोलून निघतील. मग नायलॉनच्या तारांची दाखवली, बोटांना मऊ. साडेतीनशे दिरहम, म्हणजे आपले आठ हजारांच्या वर. मी तिला नारळाला मारतात तशी टिचकी मारून पाहिली (फहदने तोंड फिरवलं, पण खांदे हलताना दिसले) आणि म्हटलं, "यल्ला, पॅक करो." तर विचारतो, "सर, कौन सा साइज?" गिटारीला साइज असतो हे मला काय ठाऊक! अर्धी, पाऊण, पूर्ण. मुलाच्या उंचीवर ठरतं म्हणे. मी ताठ उभा राहून शर्टाचं वरून चौथं बटण दाखवलं. इथपर्यंत येते. त्याने अर्धी गिटार काढायला हात वर केला आणि सहज विचारलं, शेवटचं कधी पाहिलं? मी म्हटलं, साडेतीन वर्षांपूर्वी. त्याचा हात वरच राहिला. "सर, बच्चा रुकता है क्या?" तो हसला नाही, म्हणून जास्त लागलं.

मग आपल्या घराण्याच्या रिवाजाप्रमाणे म्हटलं, पूर्णच दे, वाढत्या अंगाची. (अब्बांनी पाचवीत घेतलेला शर्ट मला नववीत बसला, आणि तोवर तो फाटला होता.) पण फहद ऐकेना. फ्रॉक मोठा झाला तर दुमडता येतो. गिटार मोठी झाली की खांदा दुखतो, बोटं पोचत नाहीत, आणि महिन्याभरात ती कपाटावर जाते. वर आणखी एक प्रश्न: मुलगी डावखुरी आहे का? मी ठासून सांगायला तोंड उघडलं आणि अडकलो. जेवते उजव्या हाताने, पण ते तर आपण लावलेलं वळण. लिहिते कुठल्या? मी कधी घरी आलोच तर मे महिन्यात, तेव्हा वही कोण उघडतं? फोनवर कुठल्या हाताने बाय करते ते आठवलं, पण समोरच्याचा उजवा आपल्या डावीकडे येतो, म्हणून मी भर दुकानात पाठमोरा होऊन हवेत हात हलवून पाहिला. एका बाईने आपलं मूल जवळ ओढून घेतलं.

आपा, इथे टाकीत टेप सोडून तेलाची पातळी मोजणं हे माझं काम. मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर जहाज थांबतं, आणि माझं माप आजवर चुकलेलं नाही. पण माझी मुलगी केवढी आहे ते मला सांगता येईना. व्हिडिओवर ती हनुवटीच्या वरच दिसते. परवा "बेटा, जरा उभी राहा बघू" म्हटलं, तर तिचा फोन आडवा पडला आणि मी पाच मिनिटं घरातला पंखा पाहिला. गेल्या ईदला पाठवलेल्या चपलांना "सो नाइस" म्हणाली होती; त्या मी फोटोत तुझ्या नातीच्या पायात ओळखल्या. रुखसारला विचारलं, तर ती भांडणार नाही. गप्प बसेल, आणि ते मला सोसायचं नाही.

फहदने पाऊण आणि पूर्ण, दोन्ही महिनाअखेरपर्यंत बाजूला ठेवल्यात. दुल्हाभाईंना सलाम, मुलांना दुआ.

तुझा,
मोईन

ता. क. : एमान शुक्रवारी तुझ्याकडे जेवायला येते, तेव्हा तिला भिंतीला उभी करून उंची मोज. वितीने नाही, टेपने. आणि काही तरी लिहायला लाव, म्हणजे हात कळेल.

ता. क. २ : तिचा पंजा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवून घे. मेंदीची नक्षी काढायची आहे म्हण. बोटं नीट पसरलेली हवीत. फोटो नको, फोटोत माप कळत नाही. गनी पंधरा दिवसांनी परत येतोय, कागद त्याच्याकडे दे.

ता. क. ३ : तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पंजाचं माप फहदने मागितलेलं नाही. त्याचं उंचीवर भागतं. कागदाला घडी मात्र घालू नकोस, आपा; घडी नेमकी तळहातावर येईल.